हातउसने पैसे, शेजारची खुर्ची आणि ३५ टक्के जास्त पगार

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सात वर्षं एकाच ऑफिसात आहे. पगार यथातथा, माझ्या अनुभवाला बाहेर जेवढा मिळतो त्याहून कमीच, हे मला माहितेय, माझ्या मॅनेजरलाही माहितेय आणि दरवर्षी अप्रेझलला आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गोड हसतो. पण जागा चांगली आहे हो. घरून २० मिनिटं. आठ तास झाले की कॉम्प्युटर बंद, नंतर कोणी फोन करत नाही. खिडकीजवळची जागा, आणि शेजारच्या खुर्चीत माझी मैत्रीण. ऑफिसात झालेली मैत्री पण आता घरच्यासारखी. खरं सांगायचं तर "आमचं ऑफिस मस्त आहे" असं मी लोकांना सांगते तेव्हा त्यातलं अर्धं ऑफिस म्हणजे तीच.

तर हिला मी १४ महिन्यांपूर्वी पैसे दिले. हातउसने. माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढे, म्हणजे अडीअडचणीला म्हणून बाजूला ठेवलेले जवळपास सगळेच. तिच्या घरात आजारपण होतं, तिने मागितलेही नव्हते नीट, मीच म्हटलं घे. "तीन महिन्यांत देते" असं ती म्हणाली होती. आजारी माणूस आता ठणठणीत आहे, देवाची कृपा. पैशांचा विषय मात्र त्यानंतर एकदाही निघाला नाही. तिने काढला नाही, मी तर काढूच शकत नाही, जीभ रेटत नाही. मधे ती घरच्यांबरोबर चार दिवस फिरून आली, फोटो दाखवत होती, मी "वा छान" म्हणत होते आणि डोक्यात हॉटेलचं भाडं मोजत होते. तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

आता एक ऑफर आलीये. पगार ३५ टक्के जास्त. पण तिथे नऊ तास, आणि जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. माणसं कशी आहेत माहीत नाही, इंटरव्ह्यू घेणारा सारखा घड्याळ बघत होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

प्रश्न दोन. एक, अशी सुखाची जागा सोडून पगारासाठी जावं का? आणि दोन, जायचं ठरलं तर जाण्याआधी पैसे मागायचे कसे, आणि एवढे दिवस झाले तर थोडं व्याज धरून मागितलं तर फार वाईट दिसेल का? ठेवीत असते तर काहीतरी मिळालंच असतं ना.

हिशेबी_मांजर

मैत्रीचं मला कळत नाही, आकड्यांचं बघूया.

आत्ता तुझे दिवसाचे ८ तास ऑफिस आणि ४० मिनिटं प्रवास, पाच दिवसांचे ४३ तास २० मिनिटं. नव्या ठिकाणी ९ तास आणि अडीच तास प्रवास, आठवड्याचे साडे ५७ तास. म्हणजे नोकरीपायी जाणारा वेळ जवळपास ३३ टक्क्यांनी वाढतोय आणि पगार वाढतोय ३५. तासाला म्हणशील तर वाढ दोन टक्के सुद्धा नाही!! आणि हे कागदावरच्या ३५ चं झालं. कर आणि प्रवासाचा वाढीव खर्च जाऊन हातात २८ टक्केच जास्त पडले (तुझे आकडे तू घाल, मी उदाहरण म्हणून धरतोय) तर तासाचा भाव उलट साडेतीन टक्क्यांनी उतरतो. पगार वाढून मजुरी कमी.

अजून एक. आठवड्याला १४ तास १० मिनिटं जास्त, वर्षात ४८ आठवडे धरले तर ६८० तास. २४ ने भाग, २८ दिवस येतात. पूर्ण दिवस, झोपेसकट. एक फेब्रुवारी महिना तू रस्त्याला आणि त्या घड्याळ बघणाऱ्या माणसाला देणार आहेस दर वर्षी.

रस्त्यातल्या वेळाबद्दल लोक म्हणतात सवय होते. २००४ साली डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा एकेक प्रसंग लिहायला लावून कशात कसं वाटलं ते विचारलं होतं, त्यात सकाळचा ऑफिसला जायचा प्रवास अगदी तळाला होता, खुद्द ऑफिसच्या कामापेक्षाही खाली. तेव्हा सवयीच्या भरवशावर राहू नकोस.

उसन्या पैशांबद्दल एवढंच, ते बुडीत धरून पुढचा हिशेब कर. आले तर बोनस.

टोपणनाव_सुचेना

मांजर, तुझं गणित बरोबर आहे पण अर्धंच आहे. तू आजचा तास मोजलास. पगार पायावर चढतो रे. पुढची प्रत्येक वाढ, पुढच्या नोकरीत "आत्ता किती मिळतात" ला द्यायचं उत्तर, सगळं त्या पायावर. १०० वर वर्षाला ६ टक्के आणि १३५ वर ६ टक्के, १२ वर्षांत दोन्ही दुप्पट होतील, २०० आणि २७०. आजचं ३५ चं अंतर तेव्हा ७० चं झालेलं असेल. आणि नव्या नोकरीत आयुष्यभर बसायचंय असं कोणी सांगितलं, दोन वर्षं काढ, मग तोच पगार घेऊन घराजवळ ये.

आता खिडकीपाशी ताई, तुम्हाला. मी पण सुखाच्या जागी बसलो होतो, नऊ वर्षं. मॅनेजर देवमाणूस, टीम सोन्यासारखी. मग एका एप्रिलमधे मॅनेजर गेला, नवा आला, सहा महिन्यांत टीममधले चौघं बाहेर, आणि मी तिथेच, कमी पगारात, आता सुखही नाही. पगार ऑफर लेटरवर लिहिलेला असतो हो, जागेचं सुख कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. ते कोणा एका माणसाच्या चांगुलपणावर उभं असतं आणि तो माणूस तुम्हाला न विचारता राजीनामा देऊ शकतो. तुमच्या बाबतीत तर तुम्हीच लिहिलंय, अर्धं ऑफिस म्हणजे ती. आणि त्या अर्ध्या ऑफिसशी तुम्ही १४ महिने मोकळेपणाने बोललेला नाहीत. मग सोडायचं ते नक्की कुठलं सुख?

फुकटचा_सल्लागार

जागा वाईट असेल तर पगार जास्त द्यावाच लागतो, हे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मधेच लिहून ठेवलंय. त्याचं उदाहरण फाशी देणाऱ्याचं होतं, कामाच्या मानाने सगळ्यात जास्त मजुरी त्यालाच. तर ताई, ३५ टक्के कशाचे देतायत ते आधी विचारून घ्या 😄

(मस्करी बाजूला, त्या ऑफिसातून गेल्या वर्षात सोडून गेलेल्या एखाद्याला गाठून विचारा. आत असलेले खरं सांगत नाहीत, एचआर तर नाहीच नाही.)

एकेकाळचा_कर्जदार

मी दुसऱ्या बाजूचा आहे. म्हणून लिहितो.

माझ्या मित्राने मला पैसे दिले होते, आम्ही पण एकाच मजल्यावर. सहा महिन्यांत देतो म्हटलं होतं, अडीच वर्षं लागली. त्या अडीच वर्षांत तो मला एक शब्द बोलला नाही आणि मी त्याला एक शब्द बोललो नाही, आणि मला अजूनही वाटतं की त्याचं न बोलणं हे माझ्या न देण्यापेक्षा जड होतं. चुकीचं वाटेल वाचायला, पण तसं वाटायचं.

तुम्हाला वाटत असेल ती विसरलीये. विसरत नाही हो कोणी. मी नवे बूट घेतले तर तो यायच्या आधी पाय टेबलाखाली घ्यायचो. बूट! आणि देत का नव्हतो, तर माझ्याकडे पूर्ण रक्कम कधीच एकत्र नव्हती. दर महिन्याला थोडे बाजूला टाकता आले असते, टाकलेही, पण विसावा हिस्सा घेऊन त्याच्यासमोर कसा उभा राहू, तो म्हणेल एवढेच? मग ते साठवायचे ठरवले, मग घरात काहीतरी निघायचं आणि साठवलेले तिकडे जायचे. हे चक्र. शेवटी त्यानेच एकदा जिन्यात म्हटलं, "महिन्याला थोडे थोडे दिलेस तरी चालतील रे, माझंही जरा अडलंय." मी त्या रात्री नीट झोपलो, खोटं नाही सांगत. दहा हप्त्यांत फेडले.

तेव्हा मागताना पूर्ण रक्कम मागू नका. छोटा आकडा तुम्हीच सांगा, तिला सांगायला लावू नका. आणि फिरायला गेली त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चार दिवसांची हवापालट घरातल्यांनी पाठी लागून करवली असेल, दुखणं निघालेल्या घराला लागतेही. किंवा नसेलही तसं, पण तुम्ही तिथे शिरलात की पैशाचं बोलणं राहील बाजूला आणि ती स्वतःच्या बचावाला उभी राहील.

दुपारचं_ऊन

व्याज मागू नकोस गं. आता म्हणशील का, माझेच पैसे, माझाच तोटा. सांगते.

हायफा नावाच्या शहरात १० पाळणाघरांत एक प्रयोग केला होता, नीझी आणि रुस्टिकिनी म्हणून दोघं अर्थशास्त्रज्ञ, २००० साली छापून आला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. मग त्यातल्या सहा ठिकाणी उशिराला दंड लावला. वाटलं होतं उशीर कमी होईल, तर वाढला, जवळजवळ दुप्पट झाला! कारण आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची शरम वाटायची, आता पैसे भरले की शरम फिटली, वेळ विकतच घेतल्यासारखं झालं. आणि पुढे दंड काढून टाकला तरी उशीर काही कमी झाला नाही, गेलेली शरम परत आली नाही.

तू व्याज लावलंस की तुझी मैत्रीण गिऱ्हाईक झाली. मग ती आणखी सहा महिने ठेवेल निवांत, व्याज देतेय ना. आज तिला टोचत असेल ते टोचणं हीच तुझी वसुली आहे, ते स्वस्तात विकू नकोस. मुद्दल माग. तारीख माग. आणि बोलून झालं की त्याच संध्याकाळी एक साधा मेसेज टाक, "आज बोलल्याप्रमाणे एवढे एवढे या तारखेपासून", त्यात उपकाराची भाषा नको आणि तगाद्याचीही नको. लिहिलेलं असलं की पुढच्या महिन्यात पुन्हा तोंड उघडावं लागत नाही. भीड ही भिकेची बहीण असं आमची आई म्हणायची, आणि ती स्वतः एवढी भिडस्त की दोन माणसांनी तिला चांगलंच बुडवलं.

आता नोकरीचं. मला वरच्या टोपणनाव यांचा प्रश्न आवडला पण मी वेगळ्या तऱ्हेने विचारते. ज्या दिवशी ती रजेवर असते त्या दिवशी तुला ऑफिस कसं वाटतं? बाकी काही बदललेलं नसतं, खिडकी तीच, काम तेच, २० मिनिटं तीच. त्या दिवशी बरं वाटत असेल तर तू ऑफर पैशासाठी घेत नाहीयेस, शेजारच्या खुर्चीपासून पळायला घेतेयस, आणि पळायचंच असेल तर रोजचा अडीच तासांचा प्रवास हा फारच महागडा रस्ता झाला. त्या दिवशी कंटाळा येत असेल तर काम तुला धरून ठेवत नाहीये, मग पगाराचं बघ खुशाल. आणि काहीच फरक पडत नसेल तर सगळ्यात उत्तम, मांजराचं गणित घेऊन बस.

हिशेबी_मांजर

टोपणनाव, पायाचा मुद्दा मान्य. पण "दोन वर्षं काढ मग घराजवळ ये" असं प्रत्येकजण म्हणतो आणि वाढलेल्या पगारावर लगेच हप्ते चढवून बसतो. मग कमी पगाराची घराजवळची नोकरी परवडत नाही. पाया वाढतो तसा खर्चाचाही पाया वाढतो ना. जायचं तर पहिले सहा महिने जुन्याच पगारात जगून वरचं बाजूला टाकायचं, तरच गेल्याचा उपयोग. तिचे दोन महिन्यांचे अडकलेत, ते वाढीव २८ टक्क्यांतून आठेक महिन्यांत तिचे तीच भरून काढेल, कोणाला न मागता.

टोपणनाव_सुचेना

आणि ती मैत्रीण? तिचं ते न मागितलेलं तसंच?

हिशेबी_मांजर

म्हटलं ना, मला मैत्रीचं कळत नाही.

खिडकीपाशी

एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दुपारचं ऊन ताई, तुमचा प्रश्न वाचून मी फोन बाजूला ठेवून दिला आणि दोन दिवस इकडे आलेच नाही.

व्याजाचं कॅन्सल. खरं सांगू का, व्याज मला नकोच होतं, तिला कळावं की मला त्रास झालाय एवढंच हवं होतं, आणि ते तोंडाने सांगण्यापेक्षा आकड्याने सांगणं सोपं वाटलं.

काल बोलले. ठरवलं होतं जेवणाच्या सुट्टीत बोलायचं, तेव्हा जमलं नाही, मग निघताना पार्किंगमधे बोलले, अगदी चुकीची वेळ, तिच्या हातात हेल्मेट, माझ्या हातात छत्री. कर्जदार दादांनी सांगितलं तसं छोटा आकडा मीच सांगितला, दहा हप्ते, पुढच्या महिन्यापासून. मला वाटलं होतं ती एकतर रडेल नाहीतर मिठी मारेल. दोन्ही नाही. ती थोडी चिडलीच. म्हणाली "मग तेव्हाच सांगायचंस ना की तुला लागणारेत, मी इकडे तिकडे करून दिले असते, तूच म्हणालीस घाई नाही." आणि मी खरंच म्हटलं होतं की हो, घाई नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर आठवलं. तुम्हाला प्रश्न विचारताना मी ते लिहिलंच नाही बघा. मुद्दाम नाही, पण नाही लिहिलं.

मग पाच मिनिटं दोघी गप्प. मग म्हणाली दहा नको, आठ कर. आणि हेल्मेट घालून गेली. मी रात्री मेसेज टाकला, तिने अंगठा दाखवला. नुसता अंगठा. याचा अर्थ काय लावायचा ते विचारत नाहीये, राहू दे.

ऑफरचं तिला अजून सांगितलेलं नाही.

एकेकाळचा_कर्जदार

आठ कर म्हणाली ना, मग येतील. अंगठ्याचं मनावर घेऊ नका, मी पण त्या वेळी "बरं" एवढंच म्हटलं होतं आणि घरी जाऊन बायकोला तासभर सांगत बसलो होतो.

दुपारचं_ऊन

"घाई नाही" हे वाक्य आपण सगळेच फार स्वस्तात वाटतो. बोललीस ते बरं केलंस. चिडली तेही बरंच झालं, माझ्या मते, चौदा महिन्यांत पहिल्यांदा दोघींनी खरं काहीतरी एकमेकींना ऐकवलं. ऑफरचं मात्र तिला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत सांग, नाहीतर तिला वाटेल जायचं म्हणून वसुली केलीस.

फुकटचा_सल्लागार

आणि आत्ताच्या मॅनेजरला पण सांगून बघा की ऑफर आलीये. ३५ देणार नाही तो, पण १० ते १५ दिले तर मांजराच्या गणिताने हीच जागा जास्त भावाची ठरते, प्रवास तर वाढतच नाहीये. फक्त धमकी द्यायची असेल तर खरंच जायची तयारी ठेवून द्या. मी एकदा नुसतीच दिली होती. ते "शुभेच्छा" म्हणाले.

खिडकीपाशी

मॅनेजरशी सोमवारी बोलतेय. नव्या ठिकाणी एचआरला मेल टाकलाय की आठवड्यातले दोन दिवस घरून काम चालेल का. तीनच दिवस जायचं झालं तर पाच तास प्रवास वाचतो, मी पण शिकले हिशेब. उत्तर आलेलं नाही अजून.

ऑफरचं तिला काल संध्याकाळी फोनवर सांगितलं. ती "चांगलंय की" म्हणाली, मग जरा वेळाने "किती लांब आहे पण ते" म्हणाली.

आज ती रजेवर होती, योगायोग. सकाळी खरंच हलकं वाटलं, इकडे बघू का तिकडे बघू असं करावं लागलं नाही, काम भराभर झालं, म्हटलं ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मग तीनच्या सुमाराला वरून एक मेल आला, चार वाक्यांत सहा चुका आणि खाली "कृपया काळजीपूर्वक वाचावे". दाखवायला म्हणून खुर्ची फिरवली. मग परत सरळ केली.

शुक्रवारी काय कळवलं ते लिहीन इथे.